लाँगडनच्या डोंगरावर तुमच्याच वयाची पोरं

तुमचा अठरावा वाढदिवस आठवतोय? रात्री बारा वाजता केक, तोंडाला फासलेलं क्रीम, ग्रुपवर पडलेले लाजिरवाणे फोटो आणि दुसऱ्या दिवसापासून लायसन्सच्या गप्पा. १२ जून १९८२ ला एका ब्रिटिश मुलाचा अठरावा वाढदिवस होता. तो पॅराशूट रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये साधा सैनिक होता आणि त्याच दिवशी दक्षिण अटलांटिक महासागरातल्या एका खडकाळ डोंगरावरच्या लढाईत त्याचा जीव गेला. त्याच लढाईत त्याच्या बटालियनमधले आणखी दोघं गेले, ते तर १७ वर्षांचे होते. समोरच्या खंदकांत बसलेली अर्जेंटिनाची पोरंही फार मोठी नव्हती. बहुतेक जण १८ ते २० च्या मधले. म्हणजे आपल्याकडे एफवाय-एसवायला असतात, त्या वयाचे.

त्या डोंगराचं नाव माउंट लाँगडन. आज तिथे टूर जातात. लँड रोव्हरमध्ये बसवून, सोबत गाइड देऊन, ‘चला, तुम्हाला लढाई दाखवतो’ म्हणत माणसांना त्या डोंगरावर नेलं जातं. ऐकायला विचित्र वाटतं ना? मरणाच्या जागेची पिकनिक! पण जरा थांबा. जगात युद्धभूमीच्या टूर पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे पुतळा, तोफ, पाटी, फोटो, चहा. फॉकलंडच्या टूरचं प्रकरण वेगळं आहे. ते का, हेच तुम्हाला सांगायचंय.

आधी नकाशा उघडा. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे, अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून साधारण ५०० किलोमीटरवर काही ठिपके दिसतील. दोन मोठी बेटं आणि सातशेच्या वर छोटी. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ १२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि माणसं किती? आज जेमतेम साडेतीन हजार. म्हणजे एखाद्या मोठ्या कॉलेजात याहून जास्त विद्यार्थी असतात. १९८२ मध्ये तर दोन हजारही नव्हती. इंग्रज या बेटांना फॉकलंड म्हणतात, अर्जेंटिनावाले माल्विनास. नावावरूनच भांडण सुरू होतं, त्यामुळे मी इथे फॉकलंड लिहितोय ते फक्त तुम्ही शाळेच्या नकाशात तेच वाचलं असेल म्हणून.

युद्धाची गोष्ट थोडक्यात. अर्जेंटिनात लष्करी हुकूमशाही होती, देश आतून पोखरलेला होता, लोक रस्त्यावर उतरत होते. २ एप्रिल १९८२ ला त्या सरकारने बेटांवर सैन्य उतरवलं. लंडनमध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. त्यांनी बारा-तेरा हजार किलोमीटर लांब आरमार पाठवलं. ७४ दिवसांनी, १४ जूनला अर्जेंटिनाच्या सैन्याने स्टॅनली या राजधानीत शरणागती पत्करली. अर्जेंटिनाचे ६४९, ब्रिटनचे २५५ आणि बेटावरचे तीन नागरिक मेले. त्या ६४९ पैकी ३२३ जण एकाच जहाजावरचे होते. ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर ब्रिटिश पाणबुडीने २ मे रोजी बुडवली. कोण बरोबर आणि कोण चूक, यावर दोन्ही देशांत आजही पुस्तकांवर पुस्तकं येतात. परीक्षेसाठी एवढं पुरे. डोंगरावर चढायला मात्र एवढं पुरत नाही.

लाँगडन उंच बिंच काही नाही. दोनशे मीटरसुद्धा नाही, सिंहगडावर दर रविवारी जाणाऱ्याला हसू येईल. स्टॅनलीपासून आठ-नऊ किलोमीटर. पण डांबरी रस्ता संपला की गाडी हिंदकळायला लागते. जमीन काळी, स्पंजसारखी, पाय ठेवला की पाणी वर येतं. याला पीट म्हणतात, हजारो वर्षं कुजून साठलेलं गवत. बेटावरचे लोक वर्षानुवर्षं तेच वाळवून चुलीत जाळायचे. झाड जवळपास दिसतच नाही. वारा मात्र कायम. एवढ्या वाऱ्यात गाइड काय बोलतोय हे ऐकायलाही त्याच्या जवळ उभं राहावं लागतं.

चांगला गाइड तुम्हाला थेट माथ्यावर नेत नाही. तो आधी पश्चिमेला, खाली, सपाटीवर उभं करतो. ‘ते इथून आले’ एवढंच सांगतो. मग तुम्ही वर बघता आणि तुमच्या लक्षात येतं की इथून वरपर्यंत लपायला काहीही नाही. ११ जूनच्या रात्री ३ पॅरा बटालियनचे सैनिक इथून चालत आले. जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा, दुपारी चारलाच अंधारायला लागतं. त्याआधी ते जवळपास अख्खं बेट पायी ओलांडून आले होते. कारण त्यांना उचलून नेणारी हेलिकॉप्टरं ‘अटलांटिक कन्व्हेयर’ नावाच्या जहाजाबरोबर जळून गेली होती. पाठीवर ओझं, बुटांत पाणी. ठरलं होतं की गोळी न झाडता, गुपचूप खंदकांपर्यंत पोचायचं. मग एका कॉर्पोरलचा पाय सुरुंगावर पडला. गुपचूपपणा तिथेच संपला.

यापुढचं सगळं चालत, थांबत, खडकांच्या फटींतून बघायचं. पॅरा सैनिकांनी डोंगराच्या भागांना रग्बीतल्या जागांची नावं दिली होती. पश्चिमेचा माथा ‘फ्लाय हाफ’, पूर्वेचा ‘फुल बॅक’. आपण गल्ली क्रिकेटमध्ये ‘काकूंची खिडकी’ वगैरे म्हणतो, तसंच. नकाशावर ही दोन नावं बोटभर अंतरावर आहेत. ते अंतर कापायला रात्र गेली. गाइड एका खडकापाशी थांबतो, समोरच्या खडकाकडे बोट दाखवतो. इथे हे, तिथे ते. अंतर किती? कॉलेजच्या कॉरिडॉरएवढं. सिनेमात युद्ध म्हटलं की मैदान, धूर, रांगा. इथे कळतं की लढाई एका घळीत, अंधारात, समोरच्याची ओरड ऐकू येईल इतक्या जवळून झाली. सकाळपर्यंत डोंगर ब्रिटिशांकडे आला आणि मग पुढचे दोन दिवस अर्जेंटिनाच्या तोफा त्याच डोंगरावर गोळे टाकत राहिल्या. त्या डोंगरावर ब्रिटनचे २३ जण गेले, अर्जेंटिनाचे तीसहून जास्त.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या वस्तू अजून तिथेच आहेत.

हे वाक्य परत वाचा, कारण फॉकलंडच्या टूरचं सगळं वेगळेपण त्यात आहे. युरोपातल्या युद्धभूमी नांगरल्या गेल्या, त्यावर गहू उगवला, हायवे गेले. आपण पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालतो तेव्हाही १६६० ची रात्र डोक्यात उभी करावी लागते, हाताशी काही नसतं. फॉकलंडवर डोंगर साफ करायला माणसंच नव्हती, बांधायला काही नव्हतं आणि थंडीत गोष्टी सावकाश सडतात. त्यामुळे लाँगडनवर आजही गंजलेली रणगाडाविरोधी तोफ आहे. खडकांच्या कपारींत दगड रचून केलेले आडोसे आहेत. त्यांत ब्लँकेटच्या चिंध्या, बुटाचे तळवे, कॅनव्हासचे जोडे. शेजारच्या माउंट टंबलडाउनवर चाकांची फील्ड किचन गंजत उभी आहे. म्हणजे मोठाली पातेली बसवलेली गाडी, आपल्याकडे लग्नात केटररची असते तशी. माउंट केंटजवळ हेलिकॉप्टरांचे सांगाडे आहेत. यातलं काहीही उचलायचं नाही, हा नियम. गाइड हे सुरुवातीलाच बजावतो.

तोफेपाशी सगळे फोटो काढतात. जोड्यापाशी कोणी बोलत नाही. कारण तोफ ही सरकारची असते, जोडा कोणाचा तरी असतो. माझ्या मते युद्धभूमीची टूर चांगली की वाईट हे ओळखायची खूण हीच: ती तुम्हाला तोफेपाशी जास्त वेळ थांबवते की जोड्यापाशी?

तो जोडा कोणाचा असेल? लाँगडनवर अर्जेंटिनाची सातवी इन्फंट्री रेजिमेंट होती, ला प्लाता शहराची. ब्यूनस आयर्सजवळचं हे विद्यापीठाचं गाव, म्हणजे त्यांचं पुणंच म्हणा. अर्जेंटिनात तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती आणि कोणी जायचं ते लॉटरीवर ठरायचं. तुमच्या ओळखपत्राच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे आणि सोडतीत निघालेला नंबर. आकडा मोठा आला तर खाकी कपडे, छोटा आला तर सुटलात. अशा भरती झालेल्यांना तिथे ‘कोलिंबा’ म्हणत. पळा, साफ करा, झाडू मारा या तीन स्पॅनिश शब्दांची पहिली अक्षरं जोडून ते नाव पडलं असं सांगतात. म्हणजे सैनिकाचं काम काय, तर हेच. १९६२ आणि १९६३ साली जन्मलेली ही पोरं. काहींचं प्रशिक्षण जेमतेम, कपडे थंडीला अपुरे, जेवण पुढच्या खंदकांपर्यंत पोचत नव्हतं आणि ते गोदामांत मात्र पडून होतं. भुकेपोटी मेंढी मारली किंवा अन्न चोरलं म्हणून काहींना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी हातपाय बांधून उघड्यावर, थंडगार जमिनीवर झोपवल्याच्या तक्रारी पुढे अर्जेंटिनाच्या कोर्टात गेल्या. शत्रूपेक्षा स्वतःचे साहेब जास्त भीतीचे, हे तिथल्या अनेक माजी सैनिकांचं म्हणणं आहे. अर्जेंटिनाने सक्तीची भरती १९९४ मध्ये बंद केली.

तरी सरसकट ‘बिचारी पोरं’ म्हणून मोकळं होऊ नका. टंबलडाउनवर अर्जेंटिनाची नौसैनिकांची पाचवी बटालियन होती आणि तिने स्कॉट्स गार्ड्सना रात्रभर झुंजवलं. लाँगडनवरही कोवळी पोरं तासन् तास लढली. ब्रिटिश सैनिकांनीच नंतर हे लिहून ठेवलंय. बेटावरचा चांगला गाइड हे सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात कौतुक असू शकतं. कोणाबद्दल? ज्यांच्या सैन्याने त्याच्या गावात रणगाडाविरोधी तोफा आणून ठेवल्या, त्यांच्याबद्दल. हे सोपं नाही.

बरेचसे गाइड स्थानिक असतात. मेंढपाळांच्या घरातले, वर्षभर दुसरंही काही काम करणारे. ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे त्यांनी ते युद्ध घराच्या खिडकीतून पाहिलंय. त्यांच्या दृष्टीने हा ‘लिबरेशन’चा दिवस. १४ जूनला तिथे सुट्टी असते, थॅचरबाईंच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. २०१३ मध्ये सार्वमत झालं तेव्हा ब्रिटनबरोबर राहायला १,५१३ जण हो म्हणाले आणि नाही म्हणाले तीन. त्यामुळे तटस्थ गाइडची अपेक्षा धरून जाऊ नका. पण याच लोकांच्या गोष्टीत एक अवघड जागाही आहे. बेटावरचे जे तीन नागरिक युद्धात मेले त्या तिघी बायका होत्या आणि स्टॅनलीतल्या एका घरात त्या ज्या तोफगोळ्याने मेल्या, तो ब्रिटिश जहाजावरून चुकून आला होता. सोडवायला आलेल्यांच्या हातून. हे लपवलं जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्यात पैसे आलेच की. आलेच. फॉकलंडला येणारे बहुसंख्य पर्यटक क्रूझ जहाजांतून, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान येतात. बहुतेकांचा मुक्काम एका दिवसाचा. त्यांना किंग पेंग्विन बघायचे असतात आणि खरं सांगू, मलाही आधी तेच बघायचे असते. ज्यांचे पेंग्विन बघून झालेत किंवा ज्यांच्या घरातलं कोणी इथे लढलंय, ते डोंगराकडे वळतात. मजा म्हणजे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नाहीतच. अर्जेंटिनाच्या सैन्याने हजारो सुरुंग पेरले होते, त्यातले कितीतरी समुद्रकिनाऱ्यांवर. युद्धानंतर त्या जागांना कुंपणं पडली, माणसाला प्रवेश बंद. पेंग्विनच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. त्यामुळे जवळपास चाळीस वर्षं तिथे पेंग्विनांचं निवांत राज्य होतं. सुरुंग काढायचं काम करणाऱ्यांत झिंबाब्वेचे लोक पुष्कळ होते. स्वतःच्या देशातले सुरुंग काढता काढता ते यात तरबेज झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये बेटं सुरुंगमुक्त जाहीर झाली, तेव्हा लोक त्या बंद किनाऱ्यावर धावत गेले आणि तिथे क्रिकेट खेळले.

काही पर्यटक मात्र पेंग्विनसाठी येत नाहीत आणि एका दिवसासाठीही नाही. ते माजी सैनिक असतात. साठी ओलांडलेले, कधी बायकोबरोबर, कधी मुलाबरोबर. ब्रिटनहून येणाऱ्यांसाठी स्टॅनलीत ‘लिबर्टी लॉज’ नावाची राहायची खास सोय केलेली आहे. त्यांच्याबरोबर जाताना गाइडचं काम उलटं होतं. माहिती त्याने द्यायची नसते, ती समोरच्याकडे असते. त्याने फक्त ती जागा शोधून द्यायची. ‘उजव्या हाताला मोठा फुटका खडक होता, त्याच्या खाली’ एवढ्या वर्णनावरून. अंधारात पाहिलेला डोंगर उजेडात ओळखू येत नाही. मग तासभर दोघं खडकांत फिरतात. सापडला की गाइड मागे सरतो.

अर्जेंटिनाचे माजी सैनिकही येतात. युद्धानंतर सतरा वर्षं त्यांना येणं जवळपास बंद होतं, १९९९ च्या करारानंतर अर्जेंटिनाच्या पासपोर्टवर बेटावर उतरता यायला लागलं. विचार करा, तुमच्या शाळेच्या पुस्तकात ‘ही बेटं आपली’ असं लिहिलंय आणि विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा. काही जण या एका शिक्क्यासाठी आयुष्यभर गेले नाहीत. जे जातात ते जपून असतात, झेंडा काढला की वाद होतो. गाइडही जपून असतो. पण लाँगडनवर पोचल्यावर ‘माझा खंदक कुठे होता’ हा प्रश्न इंग्रजीत काय आणि स्पॅनिशमध्ये काय, सारखाच असतो. २०१९ मध्ये एक हेल्मेट इंटरनेटवर लिलावाला आलं होतं. अर्जेंटिनाच्या एका सैनिकाचं, त्याला भोक पडलेलं. स्टॅनलीजवळच्या डोंगरांतल्या लढाईत तो जखमी झाला, वाचला, हेल्मेट मात्र ‘आठवण’ म्हणून ब्रिटनला गेलं होतं. अर्जेंटिनातल्या एका उद्योजकाने ते विकत घेऊन त्या माणसाला परत दिलं. वस्तू उचलू नका हा नियम किती उशिरा आला, ते यावरून कळतं.

ज्याला बेटावर जाता येत नाही त्याला ब्यूनस आयर्समध्ये याच विषयाचं म्युझियम बघता येतं, २०१४ पासून. त्याची जागा बघा: हुकूमशाहीच्या काळात जिथे माणसांना डांबून छळलं जायचं, त्या नौदलाच्या जुन्या शाळेच्या आवारात ते आहे. स्टॅनलीतही म्युझियम आहे. दोन्हीकडे तेच ७४ दिवस आहेत, पण एकीकडून दुसरीकडे गेलात तर वाटेल की दोन वेगळी युद्धं बघितली.

आपला संबंध काय, असं म्हणणाऱ्यांसाठी मुंबईची गोष्ट. ब्रिटनच्या त्या आरमाराचं मुख्य जहाज होतं ‘एचएमएस हर्मीस’, सी हॅरियर विमानं घेऊन गेलेली विमानवाहू नौका. तीच पुढे भारताने विकत घेतली आणि १९८७ मध्ये ती ‘आयएनएस विराट’ झाली. हो, आपली विराट. कदाचित लहानपणी नेव्ही वीकमध्ये बाबांच्या खांद्यावर बसून तुम्ही तिच्या डेकवर फिरलाही असाल. ती डेक म्हणजे फॉकलंडची युद्धभूमीच होती, तीही आपल्या दारात. मार्च २०१७ मध्ये मुंबईत ती निवृत्त झाली. २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचं म्युझियम करायची योजना मंजूर केली, आकडा ८५२ कोटींचा. ते झालं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये तिला ओढत गुजरातमधल्या अलंगला नेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत ती बरीचशी कापली गेली होती. साडेतीन हजार लोकवस्तीचं बेट गंजलेली पातेली जपतं आणि आपण अख्खं जहाज भंगारात घालतो, असं म्हणून हळहळायचा मोह मला होतो. पण पातेलं वाऱ्यात आपोआप टिकतं आणि जहाज टिकवायला दरवर्षी पैसे लागतात, हेही खरंच.

तरीही हा विषय आत्ता महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे हे सगळं नुकतंच सुरू होतंय. कारगिल युद्धाचं द्रासचं स्मारक आणि राजस्थानातलं लोंगेवाला बघून आलेले तुमच्या ग्रुपमध्येही असतील. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ‘भारत रणभूमी दर्शन’ सुरू केलं, गलवान, डोकलामसारख्या ठिकाणीही पर्यटक जावेत म्हणून. येत्या काही वर्षांत तुमच्या कॉलेजच्या इंडस्ट्रियल व्हिजिटसारखीच रणभूमी व्हिजिटही निघेल. तिथे तुम्हाला कोण काय सांगणार? शौर्य सांगतील, सांगायलाच हवं. पण तिथे राहणारा धनगर, ज्याची जमीन मधे आली तो शेतकरी, समोरच्या बाजूचा मेलेला पोरगा यांच्याबद्दल कोणी एक वाक्य तरी बोलेल का?

फॉकलंडवर हा प्रश्न सगळ्यात जास्त कुठे टोचतो, तर दुसऱ्या दिवशीच्या टूरवर. स्टॅनलीहून पश्चिमेला दीडेक तास गाडी गेली की गूज ग्रीन नावाचं छोटंसं गाव लागतं. पांढऱ्या भिंती, रंगीत पत्र्याची छपरं, मेंढ्या आणि एक कम्युनिटी हॉल. आपल्याकडच्या समाजमंदिरासारखाच, नाच-गाणी, लग्नं, बैठका तिथेच. १ मे १९८२ ला अर्जेंटिनाच्या सैन्याने गावातल्या आणि आसपासच्या ११४ जणांना या हॉलमध्ये कोंडलं. म्हातारे, तान्ही मुलं, सगळे. जवळपास महिनाभर. बाहेर २८ मे रोजी लढाई झाली, २ पॅरा बटालियनची. हल्ल्याची बातमी बीबीसीच्या रेडिओवर आधीच फुटली होती, त्यावरून सैनिक अजून चिडतात. बटालियनचा कमांडिंग ऑफिसर मारला गेला. या लढाईवर लष्करी अकादम्यांत तासन् तास चर्चा होते. पण गाइड तुम्हाला हॉलमध्ये नेऊन फरशीकडे बोट दाखवतो. आत अडकलेल्यांनी गोळ्यांपासून वाचायला लाकडी फरशी उचकटून तिच्याखाली आसरा घेतला होता. तेव्हा तिथे लपलेली मुलं आज पन्नाशीला आलीत. हॉल अजून वापरात आहे.

तिथून थोडंच पुढे, डार्विनजवळच्या माळावर, पांढऱ्या कुंपणाच्या आत पांढरे क्रॉस दिसतात. ही अर्जेंटिनाच्या सैनिकांची दफनभूमी, २३७ थडगी. आजूबाजूला घर नाही, झाड नाही. क्रॉसना नातेवाइकांनी बांधलेल्या जपमाळा वाऱ्याने एकमेकींवर आपटतात, तेवढाच आवाज.

युद्ध संपल्यावर कितीतरी सैनिक डोंगरांवर तसेच, जिथे पडले तिथे पुरलेले होते. १९८३ च्या सुरुवातीला जेफ्री कार्डोझो या ब्रिटिश कॅप्टनला त्यांना एकत्र आणायचं काम मिळालं. तोही तरुणच, बत्तिशीचा. ब्रिटनने आपले बरेचसे मृतदेह मायदेशी नेले होते. अर्जेंटिनाच्या सरकारने मात्र आपले सैनिक ‘परत’ न्यायला नकार दिला, कारण त्यांच्या लेखी ते मायदेशातच होते. त्यामुळे त्यांना इथेच पुरायचं ठरलं. अडचण अशी की पुष्कळांच्या गळ्यात ओळखपट्टीच नव्हती. कार्डोझोने प्रत्येकाचे खिसे तपासले, सापडलेली चिठ्ठी, वस्तू, मृतदेह कुठे मिळाला ती जागा, सगळं वहीत टिपलं. देह नीट गुंडाळून शवपेटीत ठेवले, पुढे कधी कोणी ओळखायला आलं तर सोपं जावं म्हणून. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या थडग्यावर एकच मजकूर: अर्जेंटिनाचा सैनिक, फक्त देवाला ठाऊक.

पंचवीस वर्षं तसंच राहिलं. या थडग्यांपुढे उभं राहून आया कुठलाही एक क्रॉस निवडायच्या आणि फुलं ठेवायच्या. २००८ मध्ये हुलिओ आरो नावाचा अर्जेंटिनाचा एक माजी सैनिक लंडनला गेला. तिथे त्याची कार्डोझोशी गाठ पडली आणि कार्डोझोने ती जुनी टिपणं त्याच्या हातात दिली. त्या कागदांवरून पुढे हालचाल सुरू झाली. दोन्ही सरकारांना एका टेबलावर यायला आणखी आठ वर्षं लागली. २०१७ च्या हिवाळ्यात रेडक्रॉसची टीम डार्विनला आली, १२१ थडगी एकेक करून उघडली, डीएनएचे नमुने घेतले आणि सगळं जसंच्या तसं मिटवलं. त्याच वर्षअखेरीस पहिली ८८ नावं कळली. मार्च २०१८ मध्ये दोनशेहून जास्त नातेवाईक विमानाने आले. या वेळी प्रत्येक जण थेट आपापल्या थडग्यापाशी गेला. शरीरं नीट राहिली होती, कारण कार्डोझोने ती तशी ठेवली होती.

त्यानंतर आणखी नावं सापडत गेली, एकूण शंभराच्या वर. काळ्या दगडाच्या पाट्या एकेक करून बदलल्या गेल्या. टूरची गाडी तिथे साधारण अर्धा तास थांबते. गाइड कुंपणाबाहेर, गाडीपाशी उभा राहतो, आत येत नाही. तुम्ही रांगांमधून चालत नावं वाचत जाता आणि मधेच एखादी पाटी अशी लागते जिच्यावर अजून तो जुनाच मजकूर आहे.